कातळावरची खाजोटी

"आई गंऽऽऽ! मेलो, मेलो, मेलो!"

करवंदीच्या जाळीमागून बाबल्या असा उसळून बाहेर आला, की त्याच्या हातातली पत्रावळ एकीकडे, करवंदं दुसरीकडे आणि एक चप्पल तिसरीकडेच गेली! एका पायावर नाचत तो दुसऱ्या पायाची पोटरी चोळत होता, मग पाय बदलून पहिली पोटरी चोळत होता.

"साप?" वेद ओरडला.

"साप परवडला! आग लागलीय रे, आग!"

पोटऱ्यांवर लालभडक गांधी उठल्या होत्या. वेद आणि त्याची चिपळूणहून सुट्टीला आलेली चुलतबहीण भार्गवी घाबरून बघत राहिली. मैना मात्र जाळीमागे गेली आणि वाकून पाहून आली.

"खाजोटी आहे," ती म्हणाली. "चोळू नकोस मेल्या, वाढेल. शेण लाव."

"शी!" भार्गवी म्हणाली.

"शी काय शी? तुला लागली की तूच मागशील!" बाबल्या कळवळून ओरडला आणि खरंच शेणाच्या शोधात लंगडत पळाला. अकरा वर्षांचा हा पोरगा, पण बोंब मारायची ताकद तीन वाड्यांची!

भार्गवीने खाजोटी कधी पाहिली नव्हती. कमरेएवढं झाड, हाताच्या पंजासारखी कातरलेली मोठाली पानं आणि देठापासून टोकापर्यंत बारीक, चमकणारी कुसं. वेद लगेच मास्तर झाला. "प्रत्येक कूस म्हणजे इंजेक्शनची सुई! टोचली की टोक मोडतं आणि आतला रस अंगात जातो. जगात हिच्या बऱ्याच बहिणी आहेत, आणि सगळ्या भांडकुदळ!"

"वेद, गप्प बस जरा," मैना म्हणाली. तिच्या कपाळावर आठी पडली होती. "आज तारीख काय?"

"सोळा मे."

"सोळा मे. आणि आपण उभे कुठे आहोत? कातळावर! इथे दुपारी पापड टाकला तर भाजून निघेल. गवत जळून गेलंय. खाजोटीला सावली लागते, ओल लागते. ती वाढते तिकडे झऱ्याच्या घळीत. मग इथे उन्हात ही हिरवीगार कशी?"

हा प्रश्न मैनेलाच पडावा याला कारण होतं. मैना भागोजींची नात होती.

पांगारखोलच्या खालच्या वाडीला पाणी यायचं ते घळीतल्या झऱ्यावरून. झऱ्याला चिऱ्यांची कुंडी बांधलेली, कुंडीतून पाईप टाकीत, टाकीतून वाडीत. टाकीची चावी सव्वीस वर्षं भागोजींच्या कनवटीला होती. रोज सकाळी सहाला ते पाणी सोडायचे. पावसात, तापात, मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा! मैनेचे आईबाबा मुंबईला नोकरीला, त्यामुळे ती या आजाच्याच अंगाखांद्यावर वाढली होती.

पण यंदा मार्चपासून पाणी घटत घटत तासाभराचं दहा मिनिटांवर आलं. बायका हंडे घेऊन भांडायला लागल्या. आणि मग पाणी समितीचे अध्यक्ष श्रीपतीशेठ यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "झरा आटलेला नाही. भागोजी चोर आहे. रात्री वरच्या वाडीतल्या सोयऱ्यांना पाणी सोडतो." रविवारच्या ग्रामसभेत त्यांची चावी काढून घ्यायचं ठरत होतं. भागोजी कोणाशी भांडले नाहीत. फक्त जेवेनासे झाले. मैनेला तेच सहन होत नव्हतं.

आणि आज होता शुक्रवार!

"चला," मैना म्हणाली. "ही आणखी कुठे कुठे आहे ते बघू."

जाळीपासून थोडं पुढे गेल्यावर खाजोटीचं दुसरं रान लागलं. त्याच्यापुढे तिसरं. मध्ये नुसती वाळकी काटकुळी रोपं, मग पुन्हा हिरवं रान. बाबल्या शेणानं माखलेल्या पोटऱ्या मिरवत परत आला तेव्हा भार्गवी मोठमोठ्यानं पावलं मोजत होती.

"आठ, नऊ, दहा! रान! पुन्हा एक, दोन…"

"काय येडी झाली का ही?" बाबल्यानं विचारलं.

"दहा पावलं!" भार्गवी किंचाळली. "दर वेळी बरोबर दहा! वेद, तू मोज!"

वेदनंही मोजली. दहा. पंधरा रानं होती आणि प्रत्येक दोन रानांत अंतर तेवढंच. पहिलं रान घळीच्या तोंडाशी, शेवटचं श्रीपतीशेठच्या बागेच्या दगडी गडग्याला टेकलेलं. मधली ओळ अशी सरळ, की जणू कोणी दोरी धरून लावली होती.

"रान कधी टेप घेऊन उगवतं का?" मैनेनं विचारलं. तिचे डोळे चमकायला लागले होते.

संध्याकाळी सगळे भागोजींच्या अंगणात, खळ्यात जमले. भागोजी भिंतीला टेकून बसले होते. ताटातली पेज तशीच होती.

"आजा, आपले पाईप किती लांबीचे येतात?" मैनेनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वीस फुटांचे. का गो?"

"वीस फूट म्हणजे आमची पावलं किती?"

"तुमची दहाएक. काय चाललंय तुमचं?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मैनेनं सगळं सांगितलं. भागोजी ऐकत राहिले, मग त्यांनी मान हलवली.

"कातळावर माती नाय बाय. तिथं पाईप पुरायचा तर माती आणून वर घालावी लागंल. एवढं काम कोण करताना मला दिसलं नसतं व्हय?"

"तुम्ही झऱ्यावर गेला नाहीत असे दिवस होते का?" भार्गवीनं विचारलं.

भागोजींनी बोटांवर दिवस मोजले. मग हळूच म्हणाले, "शिमग्यात. पालखी माझ्या खांद्यावर होती. दोन दिवस घरोघर फिरलो. सगळा गावच पालखीमागं होता. पाणी सोडायला टाकीवर जाऊन आलो, पण वर कुंडीवर नाय गेलो." आणि लगेच त्यांनी हात झटकले. "पण मी कोणावर आळ घेणार नाय. माझ्यावर घेतला म्हणून मी दुसऱ्यावर घेऊ? नाय. तुम्ही पण घेऊ नका."

"आम्ही आळ घेत नाही, आजा," मैना म्हणाली. "आम्ही खणणार!"

पण खाजोटीत शिरायचं कसं? उपाय बाबल्यालाच सुचला, आणि सुचला म्हणून तो पुढे तासभर फुशारक्या मारत होता. शनिवारी सकाळी पांगारखोलच्या लोकांनी एक अजब दृश्य पाहिलं. टळटळीत ऊन आणि चार मुलं रेनकोट, टोप्या, गमबूट घालून, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ओळीनं चालली आहेत!

"काय रे, पाऊस आला की काय तुमच्याकडे?" कोणीतरी हाक मारली.

"येतोय, येतोय! वर्दी आलीय!" बाबल्यानं ठसक्यात उत्तर दिलं. घाम त्याच्या नाकावरून टपटप गळत होता.

सातव्या रानात त्यांनी काम सुरू केलं. वेदनं झाडं बुंध्याशी दाबून धरली, मैना विळ्यानं कापत गेली. खाली काळी, भुसभुशीत माती लागली. आसपासची माती असती तर लाल असती! मैनेनं मूठभर उचलली. ओली होती. तिच्यात छोट्या गोगलगायींचे शंख होते.

"ही झऱ्याच्या घळीतली माती आहे!" ती पुटपुटली. "पाईप झाकायला तिथूनच आणलीय. आणि तिच्यात खाजोटीचं बी होतं! त्यांना वाटलं नुसती माती आणली."

"म्हणजे चोरानं स्वतःच आपल्या चोरीवर खूण लावून ठेवली?" भार्गवी म्हणाली.

"आणि सांधे गळतात तिथेच ती माजलीय! दर वीस फुटांवर! खणा, खणा, आता…"

"काय चाललंय रे इथे?"

चौघंही दचकली. श्रीपतीशेठ! पांढरा शुभ्र सदरा, मागे दोन गडी. बागेत त्यांनी पर्यटकांसाठी नव्या खोल्या बांधल्या होत्या. पोहायचा हौदही होता, असं ऐकू येत होतं. गडग्याच्या आत मात्र कोणाला सोडत नसत.

"काका, आम्ही खाजोटी काढतोय," वेद म्हणाला.

"कोणाला विचारून?"

"कोणाला विचारायचं?" मैना पुढे झाली. "कातळ गावाचा आहे. तुमचा गडगा तिकडे संपतो."

शेठचा चेहरा लाल झाला. "उलट उत्तर? भागोजीची नात ना तू? घरचे संस्कारच दिसतायत! साप असतात असल्या रानात, चावला म्हणजे? द्या ते इकडे!" आणि गड्यांनी विळा, कुदळ काढून घेतली. शेठनी मोकळी केलेली जागा स्वतः बुटानं माती सारून बुजवली.

कापलेली खाजोटी त्यांनी उचलली नाही. बुटानंही हळूच टाळली.

एवढ्यावर थांबले असते तर ते श्रीपतीशेठ कसले! दुपारपर्यंत त्यांनी सगळ्यांच्या घरी निरोप धाडला. वेदचे बाबा सावर्ड्याच्या शाळेत शिक्षक. त्यांनी वेद आणि भार्गवी दोघांना समोर उभं केलं. "समितीच्या अध्यक्षांशी वाद घालता? मोठ्यांच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही!" वेदच्या घरूनच घेतलेले चौघांचे रेनकोट आणि गमबूट कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. बाबल्याच्या आईनं तर थेट पाठीत धपाटा घातला. संध्याकाळी मैना सरपंच हेमाताईंकडे गेली. हेमाताई उद्याच्या सभेचे कागद लावत होत्या. "उद्या बघू हं बाळ," म्हणाल्या आणि पुन्हा कागदात बुडाल्या.

चौघं पिंपळाच्या पारावर भेटली.

"संपलं," वेद म्हणाला. "कोणी ऐकतच नाही."

"ऐकत नाहीत ना? मग सांगायचंच नाही!" भार्गवी म्हणाली. "दाखवायचं. आणि सगळ्या गावासमोर. मैना, तुमच्याकडे गावकरी मिळून रस्ता साफ करतात त्याला काय म्हणतात?"

"श्रमदान."

"श्रमदानाला कोण नाही म्हणेल?"

बाबल्यानं टाळी वाजवली. "आणि जखमी माणूस आपल्याकडे हायच!"

रविवारी दहा वाजता देवळासमोर ग्रामसभा भरली. खालच्या वाडीच्या बायका झाडून आल्या होत्या. श्रीपतीशेठ बोलायला उठले आणि त्यांनी पाणी, शिस्त, जबाबदारी असं पाऊण तास ऐकवलं. शेवटी म्हणाले, "भागोजींना काढावं, असा ठराव मी मांडतो."

भागोजी उठले. कनवटीची चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि मागे जाऊन बसले. त्यांची मान खाली होती. आजाला असं बसलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"सरपंचताई!" भार्गवी टुणकन उभी राहिली. "ठरावाआधी एक तक्रार!"

"मुलांनी सभेत बोलायचं नसतं," शेठ म्हणाले.

"तक्रार जखमी माणसाची आहे!" आणि बाबल्या लंगडत पुढे आला. शुक्रवारच्या गांधी एव्हाना बऱ्याच उतरल्या होत्या, पण कण्हणं असं होतं की दोन म्हाताऱ्या 'अरे बापरे' म्हणाल्या. "कातळावरच्या वाटेवर खाजोटी माजलीय. शाळेची मुलं तिथून जातात. आम्हाला आत्ताच्या आत्ता श्रमदान करायचंय. सगळ्या गावानं यावं!"

"मी उद्या माणसं लावतो," शेठ घाईनं म्हणाले. "सभा सोडून कुठे?"

"उद्या कशाला, काका?" मैना म्हणाली. "काल आम्ही काढत होतो तर तुम्ही विळा काढून घेतलात. का हो?"

सभेत कुजबुज झाली. हेमाताईंनी चष्म्यावरून शेठकडे पाहिलं. मग त्या उठल्या. "पाच मिनिटांवर तर कातळ. चला, बघून येऊ."

सगळा गाव निघाला! सातव्या रानापाशी येऊन गोल करून उभा राहिला. आणि मग कोणी हलेना. कमरेएवढी खाजोटी वाऱ्यावर डुलत होती. रेनकोट कुलपात होते, विळा शेठच्या घरी होता. वेदनं शेजारून कुदळ तेवढी मागून आणली होती.

शेठ हसले. "बघितलंत? या रानात हात कोण घालणार? उगाच सभेचा वेळ…"

मैना पुढे झाली. नुसत्या हातांनी तिनं खाजोटीचं झाड बुंध्याशी धरलं आणि उपटलं.

सगळ्यांनी श्वास रोखला. आगीचा लोळ तळहातातून कोपरापर्यंत चढला. मैनेच्या डोळ्यांतून पाणी आलं, ओठ दाताखाली गेला. तिनं ते झाड बाजूला फेकलं आणि दुसरं धरलं.

"मैना! सोड!" भागोजी गर्दीतून धावत आले.

"नाही सोडणार!" ती ओरडली. तिचा आवाज चिरकला. "तुम्ही गप्प बसलात, मी नाही बसणार! चोर म्हणाले हे तुम्हाला! सव्वीस वर्षं पाणी दिलंत आणि कोणी एक माणूस तुमच्या बाजूनं उभा राहिला नाही!"

तिसरं झाड. चौथं. तोपर्यंत भार्गवीही पुढे आली होती, ओढणी हाताला गुंडाळून. बाबल्यानं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि तोही घुसला. जागा मोकळी झाली. वेदनं कुदळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

"बाजूला व्हा सगळे! मुळं खोल गेलीत. एकाच घावात काढतो!"

"अरे थांब, गाढवा! पाईप फुटेल!"

श्रीपतीशेठ ओरडले आणि मग त्यांनीच तोंडावर हात ठेवला.

वेदनं कुदळ हळूच खाली ठेवली. तो ती मारणार नव्हताच!

"कोणता पाईप, श्रीपतीभाऊ?" हेमाताईंनी विचारलं. "आपल्या योजनेचा पाईप तर पलीकडच्या उतारानं जातो."

भागोजी गुडघ्यांवर बसले. हातानं काळी माती सारत गेले, वीतभर, दोन विती. काळा पाईप दिसला. सांध्याला सुतळी आणि जुन्या लुंगीची चिंधी गुंडाळली होती, आणि तिथून पाणी झुळझुळ वाहत होतं. वाडीचं पाणी!

भागोजींनी ती चिंधी दोन बोटांत धरली. इतके दिवस जो माणूस कोणाशी भांडला नव्हता, तो आता संतापून ताडकन उठला.

"असा सांधा मारतात? चोरी केलीत ती केलीत, सांधा तरी नीट मारायचा! सव्वीस वर्षांत माझा एक सांधा गळला नाय! निम्मं पाणी तर ह्या कातळानंच प्यालं!"

एवढ्या रागातही दोन-चार बायका फिसकन हसल्या. मग मात्र सगळ्यांचाच तोल सुटला. "आम्ही दहा मिनिटांत हंडे भरतो आणि ह्यांचा हौद भरतोय होय?" खालच्या वाडीच्या सगुणाकाकू पदर खोचून पुढे सरसावल्या. शेठ दोन पावलं मागे सरकले आणि नेमके रानातल्या उरलेल्या खाजोटीला टेकले. "आई गं!" करून पुढे उडाले. बाबल्याला त्यांची दया आली, असं तो नंतर सांगायचा. त्याच्या तोंडावर तरी ती दिसली नाही.

"तात्पुरतं होतं हो," शेठ सदऱ्याच्या आतून पाठ खाजवत म्हणाले. "बांधकामापुरतं. शिमग्यात कुंडीच्या बुडाशी, मातीखाली जोडला, नंतर काढायचा राहून गेला…"

"आणि आळ माझ्या आजावर घालायचा मात्र राहून गेला नाही!" मैना म्हणाली.

हेमाताईंनी तिथेच सांगितलं. पाईप आजच तोडायचा, पंचनामा करायचा, आणि श्रीपतीभाऊ अध्यक्ष म्हणून राहणार नाहीत. मग त्या चौघांकडे वळल्या. "काल ही मुलगी माझ्या दारात आली होती. मी कागदातून मान वर केली नाही. चूक माझीही आहे. शाबास रे मुलांनो! गावातल्या एकाही मोठ्या माणसाला जे दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत." वेदच्या बाबांनी घसा खाकरला, वेदच्या डोक्यावर हात ठेवला आणि कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली.

सगळे टाळ्या वाजवत होते. मैना हलली नाही. तिचे हात सुजून भाकरीएवढे झाले होते. ती श्रीपतीशेठसमोर उभी होती.

"आजा चोर नाही, असं म्हणा."

"अगं, आता सगळ्यांना कळलंच की…"

"म्हणा."

"भागोजी चोर नाही," शेठ पुटपुटले.

"खालच्या वाडीच्या बायका मागे उभ्या आहेत. त्यांना ऐकू गेलं नाही. चोर म्हणताना मोठ्यानं म्हणाला होतात!"

कोणी तिला अडवलं नाही. हेमाताईंनीही नाही. शेठनी इकडेतिकडे पाहिलं. एकही चेहरा त्यांच्या बाजूचा नव्हता.

"भागोजी चोर नाही! मी खोटं बोललो!"

मग गर्दीतून एकेक जण पुढे आला. कोणी भागोजींचे हात धरले, कोणी नुसतंच "चुकलं आमचं" म्हणून मान खाली घातली. सगुणाकाकू पदरानं डोळे पुसत होत्या. हेमाताईंनी टाकीची चावी पुढे केली.

"घ्या, भागोजीदादा. वाडी वाट बघतेय."

भागोजींनी चावीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चावी थांबंल. वाडी पण थांबंल जरा," ते म्हणाले. "आधी माझ्या नातीचे हात."

त्यांनी मैनेला जवळ बसवलं, सांध्यावरची चिंधी उपसून फेकली आणि तिचे दोन्ही हात त्या गार पाण्याखाली धरले. सगळा गाव उभा राहून वाट बघत होता. त्यांनी मुळीच घाई केली नाही.